फिरत्या घराचे वासे

‘घर फिरले, की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसाचे दिवस पालटले, म्हणजे त्याच्या आधाराची माणसेही पाठ फिरवतात, असा तिचा कडवट अर्थ. ही म्हण ज्यांनी घडविली, त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीत पाय रोवून उभे असलेले घर होते. अशा घराने फिरणे ही आपत्तीच! परंतु ज्या घराचा जन्मच मुळी फिरण्यासाठी झाला आहे, ज्याला पायाऐवजी चाके आहेत, त्याच्या वाशांनी आणि भिंतींनी काय करावे? त्यांनी फिरावे, पण सुटू नये. हलावे, पण सैल पडू नये. ही अपेक्षा बोलायला सोपी आणि पुरवायला अवघड आहे. अशाच एका फिरत्या घराची आतली भिंत सुटली, आणि ती पुन्हा बसविताना आम्हांला जे पाहायला व शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. त्यात थोडे व्यवहाराचे आहे, थोडे विचाराचे आहे. आणि एखाद्या निरपराध माणसाच्या जिवाशीही त्याचा संबंध आहे.

कोल्हापूरकरांना चाकांवरचा संसार नवा नाही. दिवाळी सरते न सरते, तोच बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यात उतरू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरे, कोंबड्या, पाण्याचे पिंप आणि वर बांधलेली खाट, असे सारे घर रस्त्याने येताना दिसते. नवरा-बायकोच्या जोडीला त्यांच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात. मेंढरांमागे घोड्यावर बिऱ्हाड लादून निघालेला धनगर आपण पाहतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण सहज म्हणून जातो; परंतु ज्याचे बिऱ्हाड खरोखरच पाठीवर आहे, त्याला त्यातील विनोद जाणवत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

पाश्चात्त्य देशांत हेच फिरते घर हौसेतून जन्माला आले. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातून निवृत्त झालेले शल्यविशारद आणि लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथील एका वॅगन कारखान्याकडून दोन घोड्यांनी ओढायचे, महोगनी लाकडाचे एक सुबक घर बांधून घेतले, त्याचे नाव ‘वाँडरर’ ठेवले, आणि त्यात बसून ते देशभर हिंडले. निव्वळ सहलीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिची गणना होते. पुढे घोड्यांच्या जागी मोटार आली, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला. ख्रिस्तसभेनेही या चाकांचा उपयोग करून घेतला. अमेरिकेत १९०७ साली ‘सेंट अँथनी’ नावाचा रेल्वेचा डबाच चालते-फिरते चॅपेल म्हणून रुळांवर धावू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरादाराला मुकलेल्या, विखुरलेल्या जर्मन कॅथलिकांसाठी फादर वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटेन यांनी १९५० पासून वेदी बसविलेल्या मोठमोठ्या गाड्या गावोगाव धाडल्या. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि जीपच्या मागे जोडून न्यायचे ते पांढरे, खिडक्यांचे घर आता मराठी माणसालाही ओळखीचे होऊ लागले आहे.

आमच्या आवारात येऊन उभे राहिलेले घर मात्र सहलीचे नव्हते. एका सद्गृहस्थाने आपली वापरलेली कॅराव्हॅन काही सिस्टरांना दान दिली, आणि सिस्टरांनी तिचा फिरता दवाखाना केला. आतील पलंगाची तपासणीची खाट झाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले. कपड्यांच्या कपाटात औषधे आली. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरातील पाचटाच्या खोपटांपर्यंत हा दवाखाना जातो. पहाटे चारला फडात जाणारी बाई दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाही. तेव्हा दवाखान्याने तिच्यापर्यंत जावे, इतका साधा विचार त्यामागे आहे. पावसाळ्याचे चार महिने ती गाडी चर्चच्या आवारात, एका शेडखाली, विसावलेली असते.

एका वर्षी हंगामाच्या तोंडावर गाडी उघडली, तेव्हा उजव्या बाजूची आतली भिंत सुटलेली दिसली. भिंत म्हणजे काय, तर तीन-चार मिलिमीटर जाडीचे, वर कागदासारखा गुळगुळीत थर चिकटविलेले प्लायवूड. खिडकीखाली त्याला पोट आले होते. हाताने दाबले, की ते आत जाई आणि हात काढताच पुन्हा बाहेर येई. कडेची पट्टी एका टोकाला निसटली होती, आणि त्याच तक्त्याला अडकविलेले औषधांचे छोटे कपाट किंचित पुढे झुकले होते.

आवारात अशी काही गोष्ट घडली, की सल्लागारांची उणीव भासत नाही. एकाने सांगितले, ‘दोन लांब स्क्रू मारा, भिंत जागेवर बसेल.’ दुसऱ्याने फेव्हिकॉलचा डबा सुचविला. तिसऱ्याचे म्हणणे असे, की वरून नवा सनमायका चढवावा, म्हणजे दिसणारच नाही. या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान होती. भिंत का सुटली, हे कोणीही विचारले नव्हते.

ते विचारले मेस्त्रींनी. कोल्हापुरात ‘मेस्त्री’ या शब्दाला जो मान आहे, तो अन्यत्र क्वचितच आढळेल. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्रीच. सुताराच्या आणि लोहाराच्या हातची विद्या घरातच असलेल्या या कलावंताने १९१८ साली याच शहरात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, आणि मराठी चित्रसृष्टीला कोल्हापूरची माती लागली. उद्यमनगरातील लेथच्या आवाजात वाढलेल्या माणसाला, ‘हे यंत्र परदेशातले आहे, तुम्हांला जमेल का?’ असे विचारणे हा त्याचा अवमान ठरतो. आमचे मेस्त्री ट्रक-टेम्पोच्या बॉडी बांधण्यात केस पिकलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत शिरले, आणि डॉक्टरने रोग्याची छाती ठोकावी तशी बोटाच्या पेराने भिंत ठोकीत गेले. कोठे टणक आवाज, कोठे पोकळ, आणि खिडकीच्या खाली एका जागी मुळीच आवाज नाही. ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखे.

‘‘फादर, भिंत सुटल्याली न्हाई,’’ ते म्हणाले, ‘‘पाण्यानं सोडवलीया. आदी पानी हुडकू, मग भिंतीचं बघू.’’

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्ही पाठ केली होती: वस्तू कशाची बनली, तिचा आकार काय, तिला कोणी घडविले, आणि ती कशासाठी आहे. परीक्षेपुरते ते ज्ञान चोख होते. परंतु एक प्लायवूडचा तक्ता समोर ठेवून मेस्त्रींनी जी कारणमीमांसा केली, ती ऐकताना त्या जुन्या पाठाला प्रथमच अंगावर मांस चढल्यासारखे वाटले. कार्य दिसते तेथे कारण असेलच असे नाही, हे त्यांचे पहिले सूत्र. पाणी छतावर शिरते, चौकटीच्या नळीवरून वाहत जाते, आणि चार हात दूर, खिडकीखाली प्रकट होते.

असे घर सैल का पडते, याची कारणे त्यांनी एकेक करून सांगितली. पहिले रस्त्याचे हादरे. स्थिर घराला आयुष्यात एखादा भूकंप सोसावा लागतो. या घराला खडीच्या रस्त्यावर दर मिनिटाला तो सोसावा लागतो. दुसरे ऊन. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, आतील चौकट लोखंडाची. पाच मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तीस अंश तापला, की सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. तेवढेच लोखंड दोन मिलिमीटरही वाढत नाही. एकाच अंगावरची ही दोन वस्त्रे दररोज वेगवेगळी ताणली जातात आणि रात्री आखडतात. तिसरे पाणी. छत आणि भिंत यांच्या सांध्यात भरलेली लुकणासारखी वस्तू काही वर्षांत सुकते, तडकते, आणि केसाएवढ्या फटीतून आत आलेला थेंब लाकडाचे थर एकमेकांपासून सोडवितो. चौथे कारण मनुष्याचे. जेथे आधार नाही तेथे ओझे लटकविणे. औषधांचे ते कपाट मागील चौकटीला नव्हे, तर नुसत्या पातळ तक्त्याला अडकविलेले होते. घाटातल्या प्रत्येक वळणावर ते तक्त्याला ओढीत होते.

आता दुरुस्तीला सुरुवात होईल, असे आम्हांला वाटले. परंतु त्या दिवशी मेस्त्रींनी एकही स्क्रू काढला नाही. प्रथम गाडी सपाट जागी घेऊन चाकांच्या दोन्ही अंगांना दगड लावले, आणि चारही कोपऱ्यांखाली ठोकळ्यांचा आधार दिला. कारण आतील तक्ता म्हणजे केवळ झाकण नव्हे. पुष्कळ कॅराव्हॅनमध्ये चौकट तिरकी होऊ नये म्हणून तोच तिला ताठ धरून असतो. म्हणून एका वेळी एकच तक्ता सोडवावयाचा. त्यानंतर कपाट रिकामे झाले. ऑक्सिजनचे सिलिंडर बाहेर गेले. त्याच्या तोंडाला तेलाचा वा ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये, असे सिस्टरांनी बजावले. पाणी उकळण्याच्या शेगडीचा गॅस बंद करून तो सिलिंडरही दूर नेण्यात आला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर उडून न जाता फरशीवर साचून राहतो, आणि या घराची फरशी असते किती!

शेवटी वीज. दवाखाना जेथे थांबतो तेथे शाळेतून किंवा एखाद्या घरातून वायर ओढून लसींचे छोटे फ्रीज आणि दिवे चालवितात. बाहेरची पिन काढली, म्हणजे वीज गेली, असा आपला समज. मेस्त्रींनी तो दूर केला. गाडीत इन्व्हर्टर आहे. पिन काढताच तो बॅटरीतून पुन्हा २३० व्होल्ट निर्माण करतो. छतावर सूर्यप्रकाशाचे पॅनेल असेल, तर दिवस असेपर्यंत तेही वीज देत राहते. तेव्हा पिन काढणे, इन्व्हर्टर बंद करणे, पॅनेलची जोडणी सोडविणे, आणि बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम काढणे, एवढे सारे झाल्यावर, आणि टेस्टर लावून खात्री केल्यावरच हात भिंतीला लावायचा. बारा व्होल्टची बॅटरी माणसाला झटका देत नाही, हे खरे. परंतु तिच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या, तर आग लावण्याइतकी शक्ती तिच्यात असते.

दुसऱ्या दिवशी नाका-तोंडाला फडके बांधून, हातांत मोजे घालून त्यांनी कडेची पट्टी सोडविली. जुन्या भिंतीत काचेची लोकर असते; तिचे बारीक तंतू श्वासात जातात. गाडी फारच जुनी असेल आणि आत सिमेंटसारखे करडे पत्रे आढळले, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कापू किंवा घासू नयेत, जाणत्या माणसाला दाखवावेत. आमच्या गाडीत सुदैवाने थर्माकोल होते. तक्ता हळूहळू बाजूला झाला. मागून कुबट वास आला. प्लायवूडची पाठ काळी पडली होती, आणि खालच्या लाकडी पट्टीत पटाशीचे टोक लोण्यात शिरावे तसे शिरले.

आणि मग मेस्त्री थांबले. त्यांनी आम्हांला व सिस्टरांना जवळ बोलाविले, आणि बोट न लावता पेन्सिलीने एक जागा दाखविली.

पूर्वी केव्हा तरी, कोठल्या तरी गॅरेजात, हीच भिंत कोणीतरी ‘दोन लांब स्क्रू मारून’ बसविली होती. त्यांतील एक स्क्रू तक्त्यातून आरपार जाऊन मागच्या वायरीला घासून गेला होता. वरचे प्लास्टिक सोलले गेले होते, आतील तांबे पिवळसर चमकत होते, आणि त्या उघड्या तांब्यापासून गाडीची लोखंडी चौकट जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होती. प्रत्येक हादऱ्यासरशी ती वायर हलत होती.

तो दाणाभर अवकाश संपला असता तर काय झाले असते? गाडी रबराच्या टायरवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून वेगळी. वायर चौकटीला टेकली असती, तर गाडीचा सारा पत्रा, दाराचा दांडा, चढण्याची लोखंडी पायरी, सर्वांत वीज उतरली असती. पण आत बसलेल्या सिस्टरांना कळलेही नसते. कळले असते ते प्रथम त्या बाईला, जी उसाच्या ओल्या सरीतून अनवाणी येऊन, कडेवर मूल घेऊन, पायरीवर चढण्यासाठी दाराचा दांडा धरणार होती. ओली जमीन आणि विजेचा पत्रा यांच्यामधील वाट तिच्या शरीरातून गेली असती. साधा फ्यूज किंवा एमसीबी अशा वेळी धावून येत नाही. तो वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी अर्थिंगची अखंड तार हवी, आणि तीस मिलिअँपिअर इतकी थोडी वीज वाट चुकली तरी क्षणार्धात प्रवाह तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्र हवे. गाडीत ते नव्हते. आता आहे, आणि दर महिन्याला त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहण्याचा नियमही आहे.

ज्याने तो स्क्रू मारला, तो दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक खोळंबले असेल, भिंत डोळ्यांदेखत जागेवर बसली असेल, आणि पैसे घेऊन तो समाधानाने घरी गेला असेल. त्याचे काम दिसायला उत्तम होते. जे दिसत नाही त्याच्याशी आपले काही देणे आहे, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही. भिंतीमागे काय आहे हे न पाहता स्क्रू मारणारा माणूस, समोरच्याच्या मनात काय आहे हे न विचारता उपदेश करणाऱ्या माणसाचा सख्खा भाऊ आहे. आम्हां धर्मगुरूंना हा दुसरा भाऊ अधिक परिचयाचा असल्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

पुढचा प्रश्न काळाचा होता. लाकूड वाळायला आणि काम पुरे व्हायला दोन आठवडे लागतील, असे मेस्त्रींनी सांगितले. तिकडे टोळ्या उतरल्या होत्या. पहिल्या फेरीचा दिवस ठरलेला होता. दोन बायकांचे दिवस भरत आले होते. कोणी म्हणाले, वायर तेवढी गुंडाळा, तक्ता तात्पुरता ठोका, हंगाम संपल्यावर बघू. सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक घडीची खाट जीपमध्ये ठेवायला सांगितली. ‘‘फादर, दवाखाना म्हणजे गाडी नव्हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही झाडाखाली बसू. पण ज्या दांड्याची आम्हांला खात्री नाही, तो आम्ही त्यांच्या हातात देणार नाही.’’ त्याप्रमाणे पहिल्या तीन फेऱ्या एका शाळेच्या ओसरीत पार पडल्या. गैरसोय झाली, कोणाचे अडले मात्र नाही.

इकडे काम सावकाश चालले होते. पाणी कोठून येते, हे शोधण्याची रीत आम्ही प्रथमच पाहिली. एक जण बाहेरून नळीने पाणी सोडतो, दुसरा आत बॅटरी घेऊन बसतो. पाणी खालून सुरू करायचे आणि हळूहळू वर न्यायचे. एका वेळी एकच सांधा. एकदम वरून ओतले, तर सगळीकडेच पाणी दिसते आणि फट सापडत नाही. गाडीचे छिद्र सापडले ते खिडकीपाशी नव्हे, तर छताच्या कडेला, मागच्या कोपऱ्यात. तेथील जुने लुकण खरवडून, सांधा पुसून कोरडा करून, लवचिक राहणारे नवे सीलंट भरले. त्यानंतर दारे-खिडक्या उघड्या टाकून चौकट वाळू दिली. ‘‘वल्या लाकडावर फेव्हिकॉल म्हंजी जखमंवर मलमपट्टी, आत पू तसाच,’’ हे मेस्त्रींचे वाक्य आम्ही जपून ठेवले आहे. आषाढ-श्रावणात हे काम हाती घेण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत गगनबावड्याकडून येणारी हवाच जर पाण्याने जड असते, तर लाकडाने वाळावे कोठे?

कुजलेली पट्टी बदलली. कपाटासाठी चौकटीवर एक आडवी लोखंडी पट्टी रिव्हेटने बसविली. वेल्डिंग अधिक मजबूत झाले नसते का, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी थर्माकोलकडे बोट दाखविले. बंद भिंतीत पडलेली एक ठिणगी तासभर धुमसू शकते, आणि थर्माकोलचा धूर विषारी असतो. सोललेली वायर चिकटपट्टीने गुंडाळून न भागविता नवी घातली, आणि ती प्लास्टिकच्या नळीतून नेली. लोखंडातील छिद्रातून जाते तेथे रबराची कडी बसविली, म्हणजे हादऱ्याने पुन्हा सोलायला नको.

नवे प्लायवूड निवडतानाही विचार करावा लागला. साधे, ओल सोसणारे आणि पाण्यात टिकणारे मरीन, असे त्याचे प्रकार. मरीनवर आयएस ७१० हा क्रमांक छापलेला असतो. आगीला सहजी बळी न पडणारे प्लायवूडही मिळते, त्याचा क्रमांक आयएस ५५०९. चिकटविण्याच्या द्रव्याचाही प्रश्न असतो. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळानंतर बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना अशाच ट्रेलरमध्ये ठेवण्यात आले. काही काळाने डोळे चुरचुरणे, खोकला, डोकेदुखी अशा तक्रारी येऊ लागल्या. २००७-०८ च्या हिवाळ्यात सरकारी आरोग्य संस्थेने ५१९ घरे तपासली, तेव्हा आतील हवेत फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग आढळले. साध्या घरांतल्यापेक्षा ते बरेच अधिक होते. प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या जोडणाऱ्या गोंदातून तो वायू निघत होता. आश्रयासाठी दिलेल्या घराची भिंतच आश्रिताचा श्वास कोंडत होती. म्हणून कमी वायू सोडणारे प्लायवूड मागून घ्यावे, आणि नवे काम झाल्यावर काही दिवस गाडी उघडी ठेवावी. चिकटद्रव्य लावताना सर्व खिडक्या उघड्या हव्यात. जवळपास विडी, शेगडी, ठिणगी काही नको, कारण त्याच्या वाफाही पेट घेतात.

तक्ता बसविताना चहूकडून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडली; ती नंतर पट्टीखाली झाकली गेली. ‘‘फुगायला जागा ठेवायची,’’ मेस्त्री म्हणाले, ‘‘न्हाईतर पोट काढतंय.’’ सुकून दगड होणाऱ्या गोंदाऐवजी रबरासारखे लवचिक राहणारे चिकटद्रव्य वापरले, आणि समोरच्या भिंतीपासून आडव्या दांड्याचा टेकू देऊन, मध्ये फळी ठेवून, तक्ता रात्रभर दाबून धरला. स्क्रूची लांबी तक्ता आणि चौकट यांची जाडी मोजून ठरविली. ड्रिलच्या टोकाला तेवढ्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली, की त्यापुढे टोक आत जाऊ द्यायचे नाही. लोखंडी चौकट कोठे आहे, ते एक लोहचुंबक भिंतीवरून फिरवून नक्की केले. दहा पैशांची युक्ती, पण अंदाजाने मारलेल्या एका स्क्रूपासून ती वाचविते.

वाचकांपैकी फारच थोड्यांकडे कॅराव्हॅन असेल, हे आम्ही जाणतो. परंतु माळ्याचा प्लायवूडचा पडदा, दुकानातील पार्टिशन, टेम्पोची आतली बाजू, ओल धरलेली स्वयंपाकघरातील फळी, या वस्तू घरोघरी आहेत, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-शिरोळकडील कितीतरी घरांत त्या फुगून सुटल्या आहेत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; त्या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांवर गेली. अशा घरात फुगलेला तक्ता ठोकण्यापूर्वी मागून जाणारी वायर एकदा पाहावी, मेन स्विच बंद करावा, आणि ओल कोठून येते हे आधी शोधावे, इतके जरी कोणी या लेखातून घेतले, तरी तो लिहिल्याचे सार्थक होईल. सैल झालेली वस्तू घट्ट करण्याआधी ती थोडी अधिक सैल करून तिच्या मागे डोकवावे लागते. आणि हे धैर्य पुष्कळदा हातोड्याच्या घावापेक्षा महाग पडते, कारण मागे काय निघेल याची भीती आपल्याला असते.

भिंत बंद करण्याच्या दिवशी मेस्त्रींनी सिस्टरांना मोबाइलवर उघड्या चौकटीचे छायाचित्र काढायला लावले. वायर कोठून जाते, आडवी पट्टी किती उंचीवर आहे, हे सारे त्यावर मापांसह लिहून, तो कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविला. नंतर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, आणि नव्या तक्त्याच्या पाठीवर, जेथे कोणाचीही नजर जाणार नव्हती तेथे, दिनांक घातला. ‘‘हितं कोन वाचणार?’’ असे त्यांच्या मदतनिसाने हसून विचारले.

‘‘जो उघडंल त्यो,’’ मेस्त्री म्हणाले, आणि टेकूचा दांडा उचलायला वळले.

गाडी भरून खडीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर नेऊन आणली, प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासला, भिंत पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत ठोकून ऐकली. चौथ्या फेरीला दवाखाना आपल्या चाकांवर निघाला. संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला, तो भिंतीविषयी नव्हता. फडाच्या कडेच्या एका खोपटात मुलगी झाली होती. आई व बाळ दोघी खुशाल होत्या. आणि गाडीत चढताना त्या बाईने दाराचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.